तिसऱ्या माणसाची बातमी

ओव्हाळबाईंच्या एका सवयीमुळं आम्ही दोन-तीनदा मार खाता खाता वाचलो. ज्याच्याविरुद्ध बातमी लिहिली असेल त्यालाच त्या ती आधी वाचून दाखवायच्या. छापायच्या आधी, त्याच्याच घरात, त्याच्यासमोर बसून. "उद्या सगळा तालुका वाचणार आहे. तुम्ही आजच ऐकलेलं बरं," असं म्हणायच्या, पदरानं चष्मा पुसायच्या आणि सुरू करायच्या.

इंदुमती ओव्हाळ. पुण्याच्या एका दैनिकाच्या इंदापूर तालुक्याच्या वार्ताहर. वडील वालचंदनगरला कंपनीत फिटर होते, त्यामुळं लहानपण क्वार्टरमध्ये गेलं. वडील निवृत्त झाल्यावर त्यांनी कळंबला दोन खोल्या बांधल्या, बाई त्याच खोल्यांत राहिल्या. लग्न केलं नाही. मी कन्हेरीचा, बारामतीत माझा फोटो स्टुडिओ. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो. बाईंना बातमीसाठी फोटो लागला की त्या फोन करायच्या आणि मी मोटरसायकल काढायचो. माझं नाव सोपान, पण त्या मला शेवटपर्यंत 'फोटोवाले' म्हणाल्या.

एकदा एका गावात पाण्याची टाकी भरल्या दिवशीच फुटली. ठेकेदार पैलवानी अंगाचा, भावकी मोठी. बाई त्याच्या ओट्यावर जाऊन बसल्या. चारी बाजूंनी माणसं उभी. माझा एक पाय मोटरसायकलच्या किकवर. बाई वाचतायत, सिमेंट किती कमी, सळई कुठली बारीक, बिल कुणी मंजूर केलं. ठेकेदाराच्या मानेची शीर फुगत चाललेली. संपल्यावर तो ओरडला, "साफ खोटं हाय! टाकी चिंचंखाली न्हाय, लिंबाखाली हाय!"

बाईंनी पेन्सिल काढली, 'चिंचे' खोडून 'लिंबा' लिहिलं आणि विचारलं, "बाकीचं?"

ठेकेदारानं आत बघून चहा सांगितला. त्याच्या म्हाताऱ्या चुलत्यानं तोंडाला टॉवेल लावला. हसू दाबत असावा. आम्ही चहा पिऊन निघालो.

बुटक्या, काळ्यासावळ्या, चालताना किंचित पुढं झुकलेल्या. फिक्या रंगाच्या नायलॉनच्या साड्या. हातात पुरुषी मोठं घड्याळ, ते वडिलांचं. बोलणं हळू. समोरचा आवाज चढवायला लागला की त्या आणखी हळू बोलायच्या, मग त्यालाच ऐकण्यासाठी पुढं वाकावं लागायचं. मोठ्या लोकांच्या पंगतीला जेवायच्या नाहीत. कारण विचारलं तर म्हणायच्या, "मला तिखट चालत नाही." घरी मात्र भाकरीबरोबर नुसता लसणीचा ठेचा खायच्या.

'अज्ञात' या शब्दाचा त्यांना राग होता. नवीन पोरं बातमी दाखवायला आणायची, 'अज्ञात इसमाचा मृत्यू'. बाई कागद परत द्यायच्या. "अज्ञात म्हणजे आपण विचारलं नाही. जा, विचारून या. नाव, आडनाव, गाव, वय. माणूस बातमीत पुरा आला पाहिजे."

हे त्या एका चुकीतून शिकल्या होत्या आणि ती चूक लपवायच्या नाहीत. उमेदवारीच्या काळात त्यांनी एका रेशन दुकानदाराला अटक झाल्याची बातमी दिली. नाव बरोबर होतं, गाव शेजारचं पडलं. शेजारच्या गावातही त्याच नावाचा दुकानदार होता, आणि तो बिचारा सरळ माणूस. पेपरनं आतल्या पानावर चार ओळींची दुरुस्ती छापली. बाईंना ती पुरेशी वाटली नाही. बाजाराच्या दिवशी त्या एसटीनं त्या गावात गेल्या, दुकानासमोर उभ्या राहिल्या आणि गर्दीत मोठ्यानं दुरुस्ती वाचली. माणसं जमली. दुकानदाराची बायको बाहेर आली, तिनं हातातलं धान्याचं माप बाईंच्या पायाशी आदळलं. "घरातून भाईर पडाया तोंड न्हाय ठिवलं तुमी आमाला!" बाई मागं सरल्या नाहीत. ज्यांनी नीट ऐकलं नव्हतं त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांची नजर जमिनीवर होती.

छापून आलेली प्रत्येक बातमी त्या कापून ठेवायच्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर डिंकानं चिकटवायच्या. साड्यांच्या दुकानातले पुठ्ठ्याचे खोके आणायच्या, त्यांत कडुनिंबाचा पाला टाकायच्या आणि खोक्यावर तारीख न लिहिता गावाचं नाव लिहायच्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "लोक येतात ते गाव सांगत येतात, तारीख कुणाच्या लक्षात असते?" आणि खरंच लोक यायचे. कुणाला रस्त्याच्या भांडणासाठी जुनी बातमी हवी असायची, कुणाला वडिलांच्या कुस्तीचा फोटो. बाई चटईवर खोकं पालथं करायच्या आणि शोधून द्यायच्या.

इंदापूरच्या खोक्यात बर्फाच्या कारखान्याची बातमी होती. तिच्याबद्दल सांगायचं म्हणजे थोडं मागं जावं लागेल.

उजनीच्या धरणातली मासळी बाहेर पाठवायला बर्फ लागतो. इंदापूरजवळ मानसिंगराव नावाच्या एका बड्या असामीचा बर्फाचा कारखाना होता. एका सकाळी तिथं अमोनिया वायू सुटला. बाईंचा फोन आला, मी पोचेपर्यंत बंब येऊन गेला होता, तरी डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग होत होती. ओला रुमाल नाकाला बांधून आम्ही आवारात शिरलो. मॅनेजर म्हणाला, दोन कामगार गेले, दोघंही जवळच्या गावचे. हजेरीपटावर त्या पाळीला दोघंच होते. पोलिसांनी तसंच लिहून घेतलं.

आवाराच्या कोपऱ्यात नळ होता. मशीनवरचा एक माणूस तिथं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांवर पाणी मारत होता. बाईंनी ओंजळ धरली. पाणी ओतता ओतता तो मान वर न करता बोलला, "बाई, तीन हायती. तिसरा पंपाच्या खोलीत निजायचा. पोलिस यायच्या आदी त्याला पिकअपमधी घालून न्येला."

"नाव?"

"सजीवन म्हनायचो आमी. यूपीकडचा." आणि लगेच मोठ्यानं, "सरका बाई, मागं मान्सं खोळंबल्याती."

तो माणूस म्हणजे दशरथतात्या. दशरथ खाडे. त्याचं नाव तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

कारखान्यामागं परप्रांतीय मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. तिथं कुणी दार उघडेना. बाई एका खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिल्या, ऊन डोक्यावर आलं तरी उठल्या नाहीत. शेवटी आतून एक पोरसवदा मजूर आला आणि रडायलाच लागला. तिसऱ्याचं पुरं नाव त्यानं सांगितलं, रामसजीवन निषाद, उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यातला, वय बावीस. त्याची पत्र्याची पेटी तिथंच होती, वर घडी घातलेला शर्ट.

बाईंनी तिथंच बसून बातमी लिहिली आणि उठल्या. "चला फोटोवाले, वाचून दाखवू."

मी म्हणालो, "बाई, आज नको. आज सरळ फॅक्स करू."

"दोन मेलेत म्हणून ते सांगतायत, तीन म्हणून मी सांगतेय. त्यांना न विचारता कसं लिहू?"

मानसिंगराव ऑफिसात बसले होते. बाईंनी वाचलं. तिसऱ्याचं नाव आलं तसे ते खुर्चीतून उठले, दाराकडं बघून त्यांनी मान हलवली आणि बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला. एकानं माझ्या गळ्यातला कॅमेरा काढला, मागचं झाकण उघडलं आणि रीळ बाहेर ओढलं. मानसिंगरावांनी विचारलं ते एवढंच. "कुनी सांगितलं?"

बाई म्हणाल्या, "बातमीत काही चुकीचं असेल तर सांगा."

"कुनी सांगितलं ते इचारतोय मी."

"ते माझ्याकडून समजणार नाही."

मानसिंगरावांनी सगळ्या कामगारांना आवारात ओळीनं उभं करायला लावलं. आम्हाला बाहेर नेलं. "ह्यातला कोन? नुसतं बोट दाखवा आन् जावा घरी."

ती ओळ मला अजून दिसते. भिजलेली, डोळे लाल झालेली माणसं. मधेच कुठंतरी दशरथतात्या. त्याच्या हातातली नळाची बादली तशीच होती, खाली ठेवायचंही त्याला सुचलं नव्हतं. तिच्या कडीचा बारीक आवाज येत होता. माझी नजर तिकडं जाईल म्हणून मी आभाळाकडं बघत राहिलो.

बाई ओळीच्या एका टोकाला गेल्या. पिशवीतून वही काढली. पहिल्या माणसाला विचारलं, "नाव काय तुमचं? आडनाव? गाव? वय?" त्यानं मालकाकडं बघत बघत सांगितलं. बाईंनी लिहिलं आणि दुसऱ्याकडं गेल्या. मग तिसऱ्याकडं. कुणाला हे काय चाललंय ते कळेना. दशरथतात्याचा नंबर आला. बाईंनी बाकीच्यांना विचारलं तसंच, त्याच आवाजात विचारलं. तो एकदा चाचरला, मग त्यानं सांगितलं. बाई पुढं सरकल्या.

शेवटच्या माणसापर्यंत जाऊन त्या परत आल्या. "मानसिंगराव, तुमच्या हजेरीपटावर कोण आहे ते तुमचं तुम्ही बघा. माझ्याकडं आता ही सगळी माणसं आहेत. ह्यातला एकही कमी झाला, तर पुढची बातमी त्याचीच."

मानसिंगरावांनी वहीकडं बघितलं. मग फाटकाकडं हात केला.

बाई मोटरसायकलवर मागं बसल्या. आम्ही इंदापूर गाठलं. एसटीडी बूथमधून फॅक्स केला आणि मग म्हणाल्या, "काहीतरी खाऊ या. सकाळपासून पोटात काही नाही."

बातमी आली. पोलिसांनी पिकअप शोधला, प्रेत मिळालं. रामसजीवनचा भाऊ आला आणि त्याला घेऊन गेला. खटला रेंगाळला आणि शेवटी मालक सुटले. पण त्या ओळीतल्या कुणालाही कामावरून काढलं नाही. मानसिंगराव त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि भेटेल त्याला विचारत राहिले, कोण होता तो?

पुढं बाईंची नजर कमी होत गेली. वाचायला भिंग, मग भिंगानंही दिसेना. पेपरचं काम सुटलं. बारामतीच्या एका कॉलेजात पत्रकारितेचा वर्ग सुरू झाला होता. तिथल्या प्राध्यापिका घरी आल्या, खोके बघून हरखल्या आणि म्हणाल्या, हे सगळं आमच्या ग्रंथालयाला द्या, नीट जपू, मुलं अभ्यास करतील. बाई तयार झाल्या. कागद लावून ठेवायला मी रविवारी कळंबला जायला लागलो. मी मथळा वाचायचो, बाई गाव सांगायच्या.

अशाच एका रविवारी दारात मोठी गाडी थांबली. मानसिंगरावांचा मुलगा ऋतुराज. वडिलांच्या मागं धंदा त्यानंच वाढवला होता, डेअरी काढली होती, कॉलेजच्या संचालक मंडळावरही होता. वागायला अगदी नम्र. बाईंच्या पाया पडला, शाल घातली.

"बाई, एवढं जुनं सगळं असंच हलवलं तर खराब होईल. आधी माझ्याकडं पाठवा. माझी माणसं स्कॅन करून घेतील, मग ग्रंथालयात देऊ."

"थेट ग्रंथालयातच देते. तिथं मशीन आहे म्हणाले."

तो हसला. खोक्यांवरची नावं वाचत खोलीभर हिंडला. इंदापूरच्या खोक्यावर त्यानं हात ठेवला. "ह्याच्यात तुमच्या वह्याही असतील ना? वडील जाईपर्यंत एकच विचारत होते. आता राग वगैरे काही नाही हो. नुसती उत्सुकता."

बाई म्हणाल्या, "चहा घेणार?"

"नको." हात खोक्यावर तसाच. मग तो म्हणाला, "येतो मी. ग्रंथालयात आल्यावर वाचेनच."

गाडी गेली तरी बाई दाराकडं तोंड करून बसल्या होत्या. "त्याचा हात होता का खोक्यावर?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणालो.

खोके कॉलेजात जाणार ही बातमी कशी पसरली कोण जाणे, पण त्याच आठवड्यात दशरथतात्या कळंबला आला. मी होतो. धोतर, टोपी, हातात काठी, उंबऱ्यातच उभा. बाईंना दिसलं नाही, पण "जय भीम, बाई" म्हटल्याबरोबर त्यांनी आवाज ओळखला.

"आत या. दार लावून घ्या फोटोवाले."

तो चटईवर बसला. "बाई, तुमी समदं कागद कालेजात द्याय लागलाय म्हनं. माझा पोरगा महेश ऋतुराजच्या डेरीत सुपरवायझर हाय. दोन लेकरं हायती त्याला. हात जोडतो, माझ्या नावाचं जे काय आसंल ते जाळून टाका."

"तुमच्या नावाचं काहीच नाही तात्या."

"काय?"

"त्या दिवशी ओळीत सगळ्यांची नावं घेतली, तेवढ्यात तुमचं आहे. कुणी सांगितलं ते मी कुठं लिहिलंच नाही. संपादकांनाही सांगितलं नाही. ते फक्त आम्हा तिघांना माहीत आहे."

मला वाटलं आता ह्याचा जीव भांड्यात पडेल. पण तो तसाच बसला. टोपी काढली, मांडीवर ठेवली. "कुटंच न्हाय?"

"कुठंच नाही."

"म्हंजी मी मेलो की झालं, कोन बोललं ते कुनाला ठावंच न्हाय." त्यानं मांडीवरची टोपी फिरवली. मग बोलला ते जणू स्वतःशीच. "सजीवन माझ्या डब्यातली भाकर खायाचा. म्हनायचा, चाचा, चटनी जास्त आना. मी त्या दिवशी त्याचं पाय धरून पिकअपमधी टाकलाय, बाई. मालकानं सांगितलं म्हनून मीच टाकला. आन् मग नळावर आलो."

हे आम्हाला माहीत नव्हतं. बाईंनी हात पुढं केला, चाचपडत त्याच्या हातावर ठेवला. "तात्या, तुम्हाला हवं असेल तर आत्ता लिहून घेऊ. तुमच्या मागं उघडायचं असं सांगून ठेवता येतं. नको असेल तर राहिलं. तुम्ही म्हणाल तसं."

"पोराचं काय?"

"तेही तुम्हीच ठरवायचं. मी नाही सांगू शकत."

तो उठला, टोपी घातली आणि गेला. काठीचा आवाज रस्त्यावर लांबवर ऐकू येत होता.

मागच्या हिवाळ्यात कॉलेजात कार्यक्रम झाला. खोके ग्रंथालयात पोचले होते. व्यासपीठावर बाई, प्राचार्य आणि प्रमुख पाहुणे म्हणून ऋतुराज. मी फोटो काढायला. सभागृह मुलांनी भरलेलं. ऋतुराज चांगलं बोलतो. बाईंचं कौतुक केलं, मग हसत म्हणाला, "बाईंनी आमच्या वडिलांनाही सोडलं नाही बरं का! आणि बातमी कुणी दिली ते आजपर्यंत सांगितलं नाही. आता मी सगळे कागद बघितले. नाव कुठंच नाही. बाई, आज एवढ्या लोकांसमोर सांगून टाका. आता कोण कुणाला काय करणार आहे?"

मुलं हसली, टाळ्या वाजल्या. प्राचार्यांनी माइक बाईंच्या पुढं धरला. बाईंनी तो हातानं बाजूला केला. ऋतुराज थांबला नाही. "सांगा की बाई!" पुन्हा टाळ्या. मला बाईंचा चेहरा दिसत होता. बर्फाच्या कारखान्याच्या ऑफिसात होता तसाच.

तेवढ्यात मागून आवाज आला. "मी सांगितलं हुतं."

माना वळल्या. शेवटून दुसऱ्या रांगेत दशरथतात्या काठीवर भार देऊन उभा होता. शेजारी त्याचा महेश. तो बापाचा सदरा धरून त्याला खाली ओढत होता. तात्यानं त्याचा हात सोडवला.

"ऋतुराजसायब, तिसऱ्या मान्साचं मी सांगितलं हुतं. मशीनवर हुतो मी. त्याला गाडीत बी मीच टाकला, तुमच्या वडलांनी सांगितलं म्हनून. वडील इचारत गेलं, त्यांना कोन सांगनार? तुमाला सांगतो."

ऋतुराजच्या तोंडावर हसू होतं, ते तिथंच वाळलं. शेवटी तो "बरं झालं, तात्या" असं काहीतरी पुटपुटला आणि खाली बसला. महेशची नोकरी राहिली. चारचौघांत बोलल्यामुळं काढणं अवघड झालं, असं लोक म्हणतात. पण दोन महिन्यांनी त्यानंच ती सोडली आणि भिगवणला मासळीच्या व्यापाऱ्याकडं लागला. बापाशी तो बरेच दिवस बोलत नव्हता, आता बोलतो.

त्या दिवशी बाईंना आवाज कुठून आला ते समजलं होतं. त्या उठल्या. प्राचार्य "बाई, बसा, बसा" म्हणतायत तोवर खुर्च्यांच्या पाठी धरत पायऱ्यांपर्यंत गेल्या. मी धावलो, हात दिला. मधल्या वाटेनं मुलं पाय आखडून घेत होती. दशरथतात्याच्या रांगेपाशी आल्यावर एक मुलगी उठली आणि बाई त्याच्या शेजारी बसल्या. आभाराचं भाषण सुरू झालं होतं, पण बहुतेकांचं लक्ष या दोघांकडं होतं.

इतकी वर्षं इंदापूरच्या बाजारात ती दोघं समोरासमोर आली की एकमेकांना ओळख दाखवायची नाहीत. मी बघितलंय. तात्या भाजीच्या ढिगाकडं वळायचा, बाई चष्मा पुसायच्या. कुणाला संशय येऊ नये म्हणून.

बाई त्याच्याकडं वाकून म्हणाल्या, "तात्या, तुमचं घर कुठं आहे हो? मी आजवर बघितलेलं नाही."

"इंदापुरातच हाय की. वढ्याच्या कडंला."

"मग न्या की मला."

"आज?"

"आज. आता कुणाची भीती आहे?"

महेशनं भाड्याची जीप आणली. मी बाईंना आत बसवलं, तात्या शेजारी बसला, महेश चालकाच्या बाजूला मान खाली घालून. जीप कॉलेजच्या फाटकातून इंदापूरच्या रस्त्याला लागली तेव्हा बाई तात्याला काहीतरी विचारत होत्या, आणि तो हातवारे करून सांगत होता. त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाई वारल्या. मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या जीपमध्येच.